सीओटू की आर्गन?

अब्बांच्या दुकानात वेल्डिंगचे प्रकार नव्हते. वेल्डिंग म्हणजे रॉड. पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात तेलाचा ट्रान्सफॉर्मर होता, माझ्या कमरेएवढा. तो सुरू केला की पायाखालची फरशी हुंहुं करायची. दहा नंबरचा रॉड गेटला आणि उसाच्या ट्रॉलीला, बारा नंबरचा खिडकीच्या ग्रिलला. झालं वर्गीकरण.

हे नंबर मला पाठ होते कारण बिलं मी लिहायचे. अब्बा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. गिऱ्हाईक मिरजेच्या आसपासच्या खेड्यांतलं, मराठी वाचणारं. त्यामुळे सहावी-सातवीपासून बिलबुकात माझं अक्षर. 'पाऊण इंची चौकोनी पाइप, १८ गेज', 'अँगल', 'पट्टी', 'मजुरी किलोप्रमाणे'. पुढे बी.एड. केलं, आज शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, पण मराठीतलं माझं पहिलं लेखन म्हणजे ही गेटांची बिलं. भावांच्या हातात होल्डर आला, माझ्या हातात पेन. दहावीच्या सुट्टीत एकदा मीही होल्डर मागितला होता. अब्बांनी काही न बोलता बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत मसुराच्या डाळीएवढे पांढरे डाग. "ये चाहिए क्या तुझे?" विषय तिथंच मिटला.

दुकान बंद होऊन आता बारा वर्षं झाली. ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याकडे गेला. अब्बा अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि त्यांना समोरच्याचा चेहरा दिसत नाही. कडेनं कुणी गेलं तर कळतं, उजेड-अंधार कळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोष साखरेला दिला, वेल्डिंगला नाही. अम्मीचा मात्र अजून त्यावर विश्वास नाही.

गुडघ्यांमुळे अब्बा खुर्चीवर बसून नमाज पढतात. प्लास्टिकची खुर्ची. गेल्या वर्षी उठताना ती मागं सरकली आणि ते पडले. सुदैवानं मुका मारच लागला. त्यांच्या उंचीची, न सरकणारी, दोन्ही बाजूंना धरायला दांडी असलेली लोखंडी खुर्ची करावी, असं मी ठरवलं. कुठल्याही फॅब्रिकेटरला सांगितलं असतं तर आठ दिवसांत मिळाली असती. घरच्यांनी हेच सुचवलं. खरं सांगते, मला खुर्ची जेवढी हवी होती तेवढंच ते वेल्डिंग हवं होतं. आमच्या घरात या कामाला आजवर कुणी शौक म्हटलेलं नाही. ज्याच्यावर चूल पेटते त्याला शौक कोण म्हणणार? मला ते म्हणायला मिळतंय ते दर महिन्याला पगार येतो म्हणून, याची जाणीव मशीन बघायला निघाले तेव्हापासून होती.

अब्बांचं मत सोपं होतं: रॉडच घे. त्यात तथ्य आहे. इन्व्हर्टरवर चालणारं रॉडचं मशीन आता जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं मिळतं, खांद्याला अडकवून नेता येतं आणि सगळ्यांत स्वस्त असतं. वाऱ्यात चालतं, थोड्या गंजावरही चालतं, सिलिंडर लागत नाही. शेतावरची किरकोळ दुरुस्ती करायची असेल तर यापुढचं वाचायची गरज नाही, तेच घ्या. माझी अडचण वेगळी होती. १८ गेजचा पाइप म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर जाडी. नवशिक्याच्या हातात रॉड तिथं चिकटतो, नाहीतर भोक पाडतो. अब्बा त्या जाडीवर ठिपका-ठिपका करत बारा नंबरचा रॉड लीलया चालवायचे, पण त्यामागं चाळीस वर्षं होती. माझ्याकडे रविवार आहेत.

मग उरले दोन, मिग आणि टिग. कागदावर ही नावं आहेत. आमच्याकडे कारखान्यात कुणी तसं म्हणत नाही. मिग म्हणजे 'सीओटू' आणि टिग म्हणजे 'आर्गन'. दोन्हींना नाव त्यांच्या वायूचं पडलं आहे. वितळलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यात बारीक छिद्रं पडतात आणि ते ठिसूळ होतं. रॉडवरचा लेप जळून त्या जागेचं रक्षण करतो. या दोन पद्धतींत तेच काम बाहेरून सोडलेला वायू करतो. भाषेच्या शिक्षकानं इथं एक खोट काढायलाच हवी. मिगमधला 'आय' म्हणजे इनर्ट, निष्क्रिय. पण कार्बन डायऑक्साइड त्या उष्णतेत निष्क्रिय राहत नाही, म्हणून शास्त्रशुद्ध नाव मॅग आहे. आर्गन मात्र नावाला जागतो. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थच आळशी. कशाशी संयोग करत नाही. आपण घेतो त्या हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे आणि १८९४ पर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

माझा भाचा कुपवाड एमआयडीसीत आर्गनवर काम करतो. दूध डेअरीच्या स्टेनलेस पाइपलाइनी जोडतो. एका रविवारी त्याच्या मालकाची परवानगी घेऊन मी बघायला गेले. टॉर्च जाड पेनाएवढी. तिच्या टोकाला टंगस्टनची टोकदार काडी. टंगस्टन साधारण ३,४०० अंशांना वितळतो, लोखंड १,५०० च्या आसपास, म्हणून काडी त्या जाळात राहूनही स्वतः झिजून शिवणीत जात नाही. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरणीची बारीक सळी, पायाखाली पेडल. पेडल दाबावं तसा करंट वाढतो. ठिणगी नाही, धूर नाही. काचेतून बघितलं तर शेंगदाण्याएवढं चकचकीत तळं हळूहळू पुढं सरकतंय आणि त्यात तो सळीचं टोक बुडवतोय, काढतोय, बुडवतोय. मागं राहिलेली शिवण रचून ठेवलेल्या नाण्यांसारखी, कडेला सोनेरी-निळी झाक.

मी भाळले, नाकारत नाही. लहानपणी आम्ही तख्तीवर बोरूनं लिहायला शिकलो. बोरूला कत द्यायचा, म्हणजे टोक तिरकं छाटायचं. तो कोन चुकला की अलिफसुद्धा नीट उभा राहत नाही. भाचा टंगस्टनची काडी ग्राइंडरवर टोक करत होता तेव्हा म्हणाला, "फुफी, रेघा लांबीत पडल्या पाहिजेत, आडव्या पडल्या की ठिणगी भटकते." मला आमचे खुशखतीचे उस्ताद आठवले. ही पद्धत अमेरिकेत विमानं बांधण्यासाठी निघाली, मॅग्नेशियम जोडायला. तिचं पेटंट १९४२ चं आहे. मिग त्यानंतर सहा वर्षांनी आलं आणि ते निघालं वेग वाढवण्यासाठी. दोघांचे स्वभाव आजही तसेच आहेत.

विजेच्या हिशेबातही टिग जिंकत होतं. आमचं मीटर सिंगल फेज, परसात सोळा अँपिअरचा एक सॉकेट. भाच्यानं मशीनवरच्या पाटीचं गणित समजावलं. १०० अँपिअरला टिगला साधारण १४ व्होल्ट लागतात, मिगला १९, रॉडला २४. म्हणजे तेवढ्याच करंटला टिग घरच्या वायरीवर सगळ्यांत कमी ओझं टाकतं. माझ्या पाइपला तर ५० अँपिअरही पुरले असते. शिवाय टिगच्या मशीनवर रॉडही चालतो. लांबलचक मशीनं बघून घाबरायचं कारण नव्हतं.

गाडी अडली वायूवर. आर्गनला मिनिटाला आठ-दहा लिटर लागतं. दहा लिटर पाण्याच्या मापाच्या लहान सिलिंडरमध्ये, १५० बार दाबानं भरलेलं, सुमारे १,५०० लिटर मावतं. दहानं भागा. अडीच तास. वेल्डिंग मिगवर असतं तर अडीच तास पुष्कळ झाले, कारण टिचकी मारल्यासारखी शिवण संपते. टिगवर भाच्यासारख्या माणसालाही एका वितीला कितीतरी मिनिटं लागत होती, मला किती लागली असती ते सोडाच. आणि टिगला मळ सहन होत नाही. पाइपावरचं तेल, काळी खपली, गंज सगळं घासून धातू चांदीसारखा दिसला पाहिजे. मी वापरणार होते ते भंगारातले तुकडे. शनिवारची दुपार घासण्यातच जाणार. स्वस्त टिग घेणाऱ्यांना आणखी एक सांगते. अ‍ॅल्युमिनियमची स्वप्नं त्यावर बघू नका. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरची साय दोन हजारांच्या पुढं. ती फोडायला एसी करंट देणारं मशीन लागतं, ते महाग.

मिगचं सोपं आहे. गनचा घोडा दाबला की रिळावरची तार आपोआप पुढं येते, तीच पेटते, तीच भरते. एक हात मोकळा. नवशिक्याला पहिल्या दिवशी काहीतरी चिकटवता येतं. हाच त्याचा धोकाही आहे. वरून शिवण छान दिसते आणि आत धरलेलीच नसते. भाचा त्याला 'वरवरचं' म्हणतो आणि तिरस्कारानं म्हणतो. डेअरीवाल्यांना कुणाहीबद्दल असा तिरस्कार असतो.

एवढं होऊनही मन टिगकडेच होतं. दुसऱ्या रविवारी अब्बांना कुपवाडला घेऊन गेले. त्यांना तिथं बसवलं, उजेडाकडे पाठ करून. भाच्यानं हेल्मेट खाली ओढलं आणि दादांना दाखवायचं म्हणून एक नाजूक शिवण घातली, डीसीवर, पातळ स्टेनलेसची. मी श्वास रोखून बघत होते. अर्धी शिवण झाल्यावर अब्बा म्हणाले, "चालू किया क्या?"

आवाजच नव्हता. वायूची सुस्स एवढीच, तीही पलीकडच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरमध्ये बुडालेली. भाच्यानं मग शेजारच्या माणसाला सांगून सीओटूवर एक पट्टी मारून घेतली. अब्बांची मान लगेच तिरपी झाली. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हां. ये अच्छा है. तेल में कांदा पडे सरीका." आणि पुढं, "आखिर में हाथ उठाया इसने." त्या माणसानं शेवटी खरंच गन वर उचलली होती. तो चकित झाला. दुकानातही अब्बा पाठ करून बसलेले असले तरी भावांचा रॉड लांब गेला की ओरडायचे, हे मला ठाऊक होतं. मीच विसरले होते.

माझा निर्णय तिथं झाला. टिग घेतलं असतं तर मी परसात एकटी शिकले असते. अब्बा जवळ बसून राहिले असते आणि मध्येमध्ये विचारत राहिले असते की सुरू झालं का.

दुकानात मशीन घेताना विक्रेता म्हणाला, "मॅडम, तुमच्या मिस्त्रीला घेऊन या, त्याला समजावतो." मी विचारलं, १०० अँपिअरला ड्युटी सायकल किती? म्हणजे दहा मिनिटांपैकी किती मिनिटं सलग चालेल आणि किती मिनिटं थंड होऊ द्यायचं. त्यानं खोक्यावरची पाटी वाचायला चष्मा काढला. मिस्त्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

सिलिंडर नंतर बघू, म्हणून आधी बिनगॅसची तार घेतली. तिच्या पोटातच भुकटी असते, रॉडचा लेप बाहेर तर हिचा आत. परसात संध्याकाळी वारा असतो, त्यालाही ती बरी. पहिल्या दिवशी असरच्या नमाजनंतर टेबल मांडलं. अब्बा दाराजवळच्या खाटेवर, इकडे पाठ. घोडा दाबला आणि तडतडाट, मण्यांसारखे छर्रे चारी बाजूंना, शिवण म्हणजे पाखरांची शीट. करंट वाढवला, कमी केला, तारेचा वेग बदलला. अब्बा दोन-तीनदा ऐकून म्हणाले, "आवाज फाटा हुआ है. हाथ का नहीं, मशीन का है." मला वाटलं, मुलीची बाजू घेतायत. भाच्याला फोन लावला, तो हसायला लागला. मशीन गॅसच्या जोडणीवर आलं होतं, गन प्लसला. बिनगॅसच्या तारेला गन मायनसला लागते आणि चिमटा प्लसला. आतल्या पट्टीचे दोन नट काढून अदलाबदल केली. आवाज सांधला. ज्या माणसानं आयुष्यात एसी ट्रान्सफॉर्मर सोडून काही वापरलं नाही, जिथं प्लस-मायनसचा प्रश्नच नसतो, त्यानं दोष बरोबर मशीनवर ठेवला होता.

त्या तारेचा धूर मात्र फार. अब्बांना खोकला यायला लागला तसं मी लहान सीओटूचा सिलिंडर आणि साधी ०.८ ची तार घेतली, गन परत प्लसला. वाऱ्यासाठी एका बाजूला पत्रा उभा केला. तो शेजारच्या मुलांच्या डोळ्यांसाठीही लागतोच. दारातून डोकावलेल्या पोरालाही हा उजेड लागतो, आणि त्रास लगेच होत नाही. दुकानाच्या दिवसांत अब्बा कधी कधी रात्री दोन वाजता उठून बसायचे, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. अम्मी बटाट्याच्या चकत्या ठेवायची. त्यानं गार वाटतं, पण तुम्ही डॉक्टरकडे जा. मी पहिला खर्च आपोआप काळी होणाऱ्या काचेच्या हेल्मेटवर केला, ११ नंबरच्या छटेचं, आणि दुसरा चामडी हातमोज्यांवर. बायकांसाठी एक वेगळं सांगते, कारण हे कुठल्या माहितीपुस्तकात सापडलं नाही. जॉर्जेटचा स्कार्फ किंवा ओढणी घालून जवळ जाऊ नका. तो बहुतेक पॉलिस्टरचा असतो. ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतो. मी सुती स्कार्फ मागं गाठ मारून बांधते, टोकं कुर्त्याच्या आत, वर जाड सुती कोट. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप फुकट मिळाला तरी तसाच जोडू नका. त्याच्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. अब्बांच्या दुकानात तो दिवस आला की सगळ्यांना दूध-गूळ मिळायचा. उपयोग किती व्हायचा ठाऊक नाही. आम्हा मुलांना मात्र तो दिवस आवडायचा.

टिगची हौस गेलेली नाही. भाच्यानं टाकाऊ पाइपाचे दोन तुकडे दिलेत आणि टंगस्टनची एक आखूड झालेली काडी. ती माझ्या टेबलावर बोरूंच्या डब्यात उभी आहे. कुणी घरी बसून स्टेनलेसचे दिवे, पातळ पत्र्याची नक्षी, सायकलची फ्रेम करणार असेल, बंद खोली असेल आणि घाई नसेल, तर त्यानं टिगच घ्यावं. खोलीला खिडकी असू द्या, कारण आर्गन हवेपेक्षा जड आहे आणि कोंडलेल्या जागेत साठतो. मुंग्यांच्या रांगेसारखं काम आवडणाऱ्यांनाच ते झेपेल. मला वाटतं ते माझ्या स्वभावाला जुळलंही असतं.

खुर्ची झाली तिला पाच शनिवार लागले. एक इंची चौकोनी पाइप, १८ गेज. अब्बांचा गुडघा जमिनीपासून साडेसतरा इंच भरला, बैठक त्याच मापाची. आधी चारी कोपऱ्यांना टाके मारायचे, कर्ण मापायचे, मगच शिवण भरायची, हे अब्बांनी मला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "कर्ण किती आला?" आणि मला मापावे लागले. पहिल्याच वेळी पाऊण सेंटीमीटरचा फरक निघाला. एका बाजूला सलग शिवण भरत गेल्यानं मागचा पाय आत ओढला गेला होता. लोखंड थंड होताना आखडतं. ग्राइंडरनं कापून परत जोडला. पायांना खाली रबराच्या टोप्या घातल्या, लाल ऑक्साइडचा एक हात दिला.

गेल्या शुक्रवारी अब्बांनी ती पहिल्यांदा हातात घेतली. बसले नाहीत. खाटेवर आडवी ठेवून सगळ्या शिवणींवरून अंगठा फिरवला, एकेक करत, सोळाच्या सोळा. मी शाळेच्या निकालाच्या दिवशी उभी राहायचे तशी उभी होते. मागच्या डाव्या पायाशी अंगठा थांबला, परत मागं गेला, परत पुढं आला.

"ये वाला उपर-उपर का है. निकाल, फिर से मार."

उद्या शनिवार आहे. ग्राइंडरची नवी चकती आणून ठेवली आहे.